डोकरीकडे जाऊन येते

११ एप्रिल

आज भर सभेत बोलून बसलो. "या उन्हाळ्यात आंबखिंडीत एक जरी टँकर शिरला, तर दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन." टाळ्या पडल्या. विरोधी नगरसेवक मुकेश वारघडे यानेही वाजवल्या, आणि त्याचीच टाळी सगळ्यांत शेवटी थांबली. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पण खोटं काय बोललो? सत्तावीस वर्षं हे गाव माझ्या हातात आहे. आधी सरपंच, नगरपंचायत झाल्यावर नगराध्यक्ष. मध्ये महिला आरक्षण आलं तेव्हा अडीच वर्षं गौरा खुर्चीत होती आणि मी शेजारच्या खुर्चीत. पूर्वी जव्हार-मोखाड्याच्या मधल्या या खिंडीत एसटी थांबायची ती ड्रायव्हरला तंबाखू मळायची असली तरच. आज बाजारपेठ रुंद आहे, गटारं बंदिस्त आहेत, बाजारात दुकानांचं प्रगती संकुल उभं आहे, त्याच्या छतावर सौर पॅनेल आहेत. आमच्याएवढ्या लहान गावाला स्वतःचा हवामान आराखडा आहे का कुठे? भुवनेश्वरच्या परिषदेत मी हाच प्रश्न विचारला होता. कोणी हात वर केला नाही.

२६ मेला राज्याची समिती येणार, 'टँकरमुक्त शहर' ठरवायला. ठरलं तर बाजारपेठेचा दुसरा टप्पा मंजूर.

घरी सांगितलं तर गौरा भाकरी थापता थापता म्हणाली, "शब्द जपून द्यावा. पानी काय तुमच्या हापिसात नोकरीला हाय?" मग हात धुऊन "डोकरीकडं जाऊन येते" म्हणाली आणि गेली. इकडे म्हातारीला डोकरी म्हणतात. संकुलामागे हिरी नावाची म्हातारी राहते, सगळ्या बायकांचा जीव तिच्यावर. आमच्या सूनबाईला, हर्षदाला, आठवा संपत आलाय. असेल काही झाडपाला.

१७ एप्रिल

संकुलाच्या तळघरात पुन्हा घोट्याएवढं पाणी. पावसाळ्यात समजू शकतो, ठेकेदाराने वॉटरप्रूफिंगच्या नावाने आनंदच केला होता. पण एप्रिलात? सौर पंप दहा ते चार चालतो, पाणी उपसून मागच्या गटारात सोडतो, सकाळी बघावं तर पुन्हा तेवढंच. या पंपाचा फोटो आराखड्याच्या मुखपृष्ठावर आहे. वीजबिल शून्य, धूर शून्य.

उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे छतावरच्या टाकीची गळती, असं अभियंता म्हणायचा. टाकी तीन वेळा लिंपून झाली. आता मला वेगळाच वास येतोय. ही गळती नाही, चोरी आहे. कोणीतरी मुख्य लाईन फोडून चोरून जोडणी घेतलीय, तीच तळघरात झिरपते. गावाला चौथ्या दिवशी पाणी आणि चोराला रोज!

पंपाच्या पाइपाशी पुन्हा कुंकू आणि नागलीचे दाणे. आमच्या बायका उद्या ट्रान्सफॉर्मरलाही हळद लावतील. तिथे पाटी लावायला सांगितली: 'येथे कुंकू व धान्य टाकू नये. आदेशावरून, नगराध्यक्ष.'

२३ एप्रिल

गावातले जुने झरे नोंदवायला जयश्री भोये आल्या. मूळच्या जामसरच्या, नाशिकला भूजलाचं शिक्षण घेतलेल्या. समितीला अशी यादी लागते. पोरगी हुशार आहे, पण कार्यालयात बसायचं सोडून दोन दिवस बायकांच्या घोळक्यात बसली. सात नावं आणली. सातवं नाव वाचलं आणि हसू आवरेना: 'डोकरी, बाजारात.'

"मॅडम, हा झरा नाही, बाई आहे. हिरी नाव तिचं. गुडघे दुखतात."

"पण साहेब, चौदा जणींनी सांगितलं."

"चौदा जणींना एकत्र बसवून विचारलंत की असंच होतं. एकीने सांगितलं की बाकीच्या मान हलवतात."

लाल पेनाने नाव खोडलं आणि शेजारी सही केली. उरलेले सहाही झरे आटलेले निघाले. मॅडमनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली, पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या. आजकालच्या शिकलेल्या पोरींना चूक दाखवलेली खपत नाही.

२ मे

बंधाऱ्यात आता पाणी कमी, गाळ जास्त. नळ पाचव्या दिवसावर गेला. तुळशीदासला बोलावून घेतलं.

तुळशीदास दोडे आमचा व्हॉल्व्हमन. एकतीस वर्षं झाली, कुठल्या गल्लीत पाणी कधी सोडायचं ते त्याच्या हातात. मी पोशेऱ्याचा, घरजावई म्हणून या गावात आलो. त्यामुळे तो मला कार्यालयात अध्यक्ष म्हणतो आणि बाहेर भावजी. आज कार्यालयातच भावजी म्हणाला, तेव्हा ओळखलं की काहीतरी अडलंय.

"भावजी, तळघरातलं पानी लायनीचं नाय."

"मग काय आकाशातून पडतं?"

"खालून येतं. चव घेऊन बघा. नाय तं ओटी तरी करून बघा."

ओटी म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर ब्लिचिंग आहे, म्हणजे नळाचं पाणी. त्याची वही दर महिन्याला माझ्या सहीला येते. मी म्हटलं, ओटी करून चोर सापडत नसतो. आणि गटारात जाणाऱ्या पाण्याची चव नगराध्यक्षाने घ्यायची? बाहेर मुकेश मोबाइल घेऊन उभाच असेल.

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "मंग डोकरीला तरी विचारा," म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी या गावात नळ आणला, आणि आता पाण्याचं मी हिरी म्हातारीला विचारू? हाकलून दिला.

७ मे

दोन दिवस मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवून पाहिला. माझ्यासमोर बंद केला, मी स्वतः बाजूला उभा होतो. गावात टिपूस नाही, बोंबाबोंब झाली. आणि तळघरात पाणी आलंच!

म्हणजे चोरीची जोडणी व्हॉल्व्हच्याही अलीकडे आहे. अलीकडची लाईन जमिनीखाली कुठून जाते, हे साऱ्या गावात एकाच माणसाला माहीत. दोन अधिक दोन चार.

तुळशीदासला निलंबित केलं. आदेश मुख्याधिकाऱ्यांचा, मजकूर माझा. 'पाणीचोरीस साहाय्य केल्याच्या संशयावरून.' त्याने कागद दोनदा वाचला. व्हॉल्व्हची ती लांब लोखंडी चावी, जी खांद्यावरून न्यावी लागते, ती भिंतीला टेकवली आणि गेला. त्याला निवृत्तीला आठ महिने राहिलेत. मजकूर लिहिताना पेन दोनदा अडलं, शाई संपत आली असावी.

गौराने जेवायला वाढलं, पण ताटाशेजारी तांब्या नाही.

"पाणी?"

"चोरीचं असंल तं?" म्हणाली, आणि आत गेली. तुळशीदास तिच्या माहेरच्या गल्लीतला, लहानपणापासून भाऊ मानलेला. मला माहीत नाही का? पण खुर्चीला नाती नसतात.

१० मे

एक चमत्कारिक गोष्ट. हिरी म्हातारी महिनाभरापासून इथे नाही, लेकीच्या गावी, वावरला, गेली आहे, असं कळलं. मग गौरा काल डोकरीकडे म्हणून कोणाकडे गेली होती? विचारलं.

"ती डोकरी नव्हं," म्हणाली.

"मग कोणती?"

ती माझ्याकडे बघत थांबली. सांगणार होती, असं वाटलं. तेवढ्यात कलेक्टर कचेरीतून फोन आला आणि राहून गेलं. गावात म्हाताऱ्या काय कमी आहेत!

१४ मे

हर्षदाला मुलगी झाली. जव्हारला, सकाळी साडेनऊला, दोघी सुखरूप. नितीन ठाण्याहून धावत आला. पोरीने माझं बोट धरलं ते सोडेचना. सत्तावीस वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. येताना गाडीत एकटाच हसत होतो.

गावात शिरलो तर वरच्या आळीच्या बायका रिकामे हंडे घेऊन कार्यालयासमोर बसलेल्या. नळाला पाणी नसल्याचा सातवा दिवस होता त्यांचा.

१७ मे

टँकर आला.

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. वरच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांना चक्कर आली, एका घरात डबक्याचं पाणी पिऊन लेकरांना जुलाब. मुख्याधिकारी मागणीपत्र घेऊन आले. मी पाऊण तास कागदाकडे बघत बसलो. घरात चार दिवसांची नात आहे, तिची दुपटी कशात धुणार? दहा वाजून वीस मिनिटांनी सही केली.

दुपारी मोखाड्याकडून टँकर आला. मुकेशने वेशीवर त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. मलाही आणून दिलं. मी खाल्लं. न खाऊन सांगतो कोणाला?

उद्या शब्द पाळायचा आहे. 'शिरला' म्हणजे नेमकं काय, याचा विचार करतोय. टँकर वेशीबाहेरच उभा होता, पाइप तेवढा आत आला. गौराला हे सांगितलं. "उद्या पोरीची पाचवी हाय, हर्षदाला डोकरीकडं न्यायचंय," एवढंच म्हणाली.

पण अजून एक दिवस माझा आहे. ती चोरीची जोडणी सापडली तर टँकर चोरामुळे आला, माझ्यामुळे नाही. उद्या सकाळी पहारी घेऊन तळघर खणतो.

१८ मे

कुठून सुरुवात करू?

नऊच्या सुमारास दोन मजूर आणि पहारी घेऊन संकुलाच्या मागे गेलो. भिंतीतलं छोटं दार उघडं होतं. हे दार गौरा अध्यक्ष असताना तिने मागून घेतलेलं. अडीच वर्षांत तिने स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट, आणि कशाला हवं ते मी विचारलंही नव्हतं. बांधकामाला सांगितलं, होऊन गेलं.

आत दहाबारा बायका. तुळशीदासची बायको पुष्पा होती. हर्षदा डोक्यावरून पदर घेऊन बसलेली, पोर मांडीवर. पंप अजून सुरू झाला नव्हता. कोपऱ्यातली फरशी तडकलेली आणि तड्यातून पाणी वर येत होतं. भात रटरटताना मध्ये बुडबुडे येतात, तसं. भोवती नागलीचे दाणे, कुंकू, दिवा. मी लावलेली पाटी उपडी घालून तिच्यावर पूजेचं ताट ठेवलेलं.

मला वाटलं, पाचवीसाठी हिरी वावरहून आली असेल.

"डोकरी कुठाय?" मी विचारलं.

गौराने बोट खाली केलं.

"ही काय. तुमच्या पायाशी. चपला काढा."

मजूर माझ्या आधी मागे सरकले. एकाने पहार हळूच भिंतीला टेकवली. त्यालाही माहीत होतं की काय? बायकांना ठाऊक, त्यांच्या पोरांना ठाऊक, तुळशीदासला ठाऊक. नवी नवरी आली की इथे, बाळंतीण उठली की इथे. माझ्या संकुलाच्या पोटात, माझ्या पाटीच्या खाली. आणि मी चौदा जणींनी सांगितलेलं नाव लाल पेनाने खोडलं.

चपला काढल्या. पाणी गार होतं.

तळघराचं पाणी घेऊन कार्यालयात गेलो, ओटीची बाटली काढली. किती थेंब टाकायचे तेही मला ठाऊक नव्हतं, बाटलीवर वाचलं. इतकी वर्षं त्या वहीवर सह्या केल्या. नळाच्या पाण्याची काचनळी पिवळी झाली. तळघराच्या पाण्याची नाही. आणखी दोन थेंब टाकले. नाहीच झाली. मग परत गेलो आणि ओंजळीने प्यायलो. गोड होतं. आवळा खाल्ल्यावर पाणी लागतं तसं.

दुपारी गौराला म्हटलं, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं."

"कधी?"

"बुजवलं तवा."

मी चिडलो. म्हटलं, माझ्या डायऱ्या आहेत, रोजचं लिहिलेलं आहे. माळ्यावरून ट्रंक काढली. १९९८ची डायरी वाळवीने कडेला खाल्लीय, पण पान शाबूत आहे. माझंच अक्षर, तेव्हाचं, ठसठशीत:

'आज बाजारातलं डबकं बुजवलं. कडेचा उंबर तोडला. मलेरिया खात्याचे साहेब खूष. संकुलाच्या कामाला मोकळी जागा झाली. गौरा सकाळपासून रडते आहे, कोणा डोकरीबद्दल काही सांगत होती. निवांत ऐकेन.'

ते पान घेऊन तिच्याजवळ गेलो. ती नातीला न्हाऊ घालत होती. मी वाचून दाखवलं. 'निवांत ऐकेन' दोनदा वाचलं. तिने वर पाहिलं नाही. "पोरीच्या डोळ्यात साबन जाईल, तांब्या द्या," म्हणाली. मी तांब्या दिला. मला रडू आलं, ते इथे लिहून ठेवतो.

१९ मे

आज तीन कागद केले, याच क्रमाने. पहिला, तुळशीदास निर्दोष आहे, निलंबन मागे घ्यावं. दुसरा, संकुलाची मागची बाजू पाडून झरा मोकळा करावा. तिसरा, राजीनामा, एक दिवस उशिराने.

तिसऱ्यापाशी अडलो, खोटं कशाला बोलू? मनात आलं, पाणी तर गावातच होतं, मग टँकर तांत्रिकदृष्ट्या धरायचा का? शिवाय झरा मोकळा करायला माझ्याइतका अनुभवी माणूस कोण आहे? गौराला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "शब्द दिला व्हता ना? मंग." आणि डाळ निवडत बसली. सही केली. या वेळी पेन अडलं नाही.

मग व्हॉल्व्हची चावी खांद्यावर घेतली आणि बाजारातून चालत तुळशीदासच्या घरी गेलो. केवढी जड आहे ती! एकतीस वर्षं हा माणूस वाहत होता. दुकानदार उठून उभे राहिले, मुकेशने मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.

तुळशीदास ओट्यावर बसला होता. बसा म्हणाला नाही.

"चुकलो," मी म्हटलं.

"चावी तिठं ठेवा."

ठेवली. पहिला कागद पुढे केला. त्याने चष्मा लावून सावकाश वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

"हे गावाला वाचून दाखवा," म्हणाला. "तोंडानं चोर म्हनले असतां तं तोंडानं भागलं असतं. कागद कार्यालयाच्या फळ्यावर लागला व्हता. माझ्या नातवानं वाचला तो."

म्हटलं, दाखवतो. संध्याकाळी पाच वाजता बाजारात उभा राहून वाचला. सत्तावीस वर्षांत हजार भाषणं केली, पण इतकं लहान आणि इतकं अवघड एकही नव्हतं. घरी आलो तर ताटाशेजारी तांब्या भरलेला होता.

२६ मे

समिती आली. प्रभारी म्हणून उपाध्यक्षांनी गाव दाखवलं, मी गर्दीत मागे उभा. जयश्रीताईंनी झऱ्यांची तीच यादी समितीला दिली. सातवं नाव लाल रेघेने खोडलेलं, शेजारी माझी सही, आणि खाली त्यांच्या अक्षरात पुन्हा: 'डोकरी, बाजारात. चालू.' नवा कागद करता आला असता. म्हटलं तर त्या म्हणाल्या, "साहेब, नोंद आहे ती. नोंद पुसायची नसते." मघाशी राग आला होता. आता वाटतं, पोरगी बरोबर बोलली.

टँकरमुक्तचा निकाल नंतर कळवणार आहेत. टँकर आला होता, म्हणजे काय कळवणार ते दिसतंच आहे.

९ जून

संकुलाची मागची बाजू गेली. आवाज मी घरी बसून ऐकला, बघायला गेलो नाही. दुकानं पुढच्या अंगाला हलवली. सौर पंप ठेवलाय, आता तो गटाराऐवजी टाकीत पाणी चढवतो. वरच्या आळीला दिवसाआड नळ आहे. तुळशीदास रोज सकाळी चावी खांद्यावर टाकून माझ्या दारावरून जातो. भावजी अजून म्हणालेला नाही. परवा मान हलवली.

आज पायऱ्या बांधून झाल्या म्हणून गेलो. खालची पायरी बघून पायाखालची जमीन सरकली. संकुलाची कोनशिला! काळा दगड, 'जिवा बुध्या पागी, सरपंच यांच्या शुभहस्ते', माझं नाव वर करून, ऐन पाण्याच्या कडेला बसवलेली. बायका तिच्यावर उभ्या राहून हंडे भरत होत्या.

मी गवंड्यावर ओरडलो. बाबल्या त्याचं नाव, वाडवडिलांपासून दगडाचं काम.

"निदान पालथा तरी घालायचास!"

"घालनार व्हतो, अध्यक्ष," तो म्हणाला. "पन मागली बाजू गुळगुळीत हाय. शेवाळ धरतं. हितं अक्षरं खोदल्याली, पाय धरून ऱ्हातो."

कडेला उभा राहिलो. तेवढ्यात गौरा भरला हंडा डोक्यावर घेऊन वळली. दगड ओलाचिंब होता. तिचा अख्खा पाय आमच्या आडनावावर पडला, बोटं अक्षरांत रुतली, आणि ती सावकाश वर आली. मी तिच्या पायाकडे बघत होतो. पाय घसरला नाही.